होडी ओढतात त्या दिवशी
लेखमाला : जुनी होडी घेताना – भाग 4

मागच्या भागात किमतीचा अंदाज कसा बांधायचा ते पाहिले. आज प्रत्यक्ष होडीपाशी जाऊ. डोळ्यांसमोर आहे ती मालवण, देवगड, हर्णैच्या बंदरात सर्रास दिसणारी उघडी फायबरची होडी. लांबी पंचवीस-तीस फूट, मागे टांगलेले एक आउटबोर्ड इंजिन.

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मे संपता संपता होड्या किनाऱ्यावर चढतात आणि झापांखाली जातात. बहुतेक गिऱ्हाईक त्यानंतर येते. होडी कोरडी असते, नव्याने रंगवलेली असते, हात लावून बघायला निवांत वेळ असतो. मला हा मुहूर्त मुळीच पसंत नाही. होडी दोनदा बघावी : एकदा मे महिन्यात पाण्यावर, आणि दुसऱ्यांदा ती ओढून वर घेतात त्याच दिवशी.

फायबरच्या बुडाला बाहेरून जेलकोटचा गुळगुळीत थर असतो. वर्षानुवर्षे पाण्यात राहून त्यातून ओल आत झिरपली, की थराखाली बारीक फोड येतात. होडी नुकतीच बाहेर काढलेली असताना हे फोड ठळक दिसतात. बूड सुकू लागले की ते बसतात, आणि वर रंगाचा हात फिरला की कुणाला पत्ताही लागत नाही. भेगांचेही तसेच. बाकीचे बूड तासाभरात वाळते, पण जिथे भेग आत खोल गेली आहे तिथली रेघ ओलीच राहते. त्या रेघेवर खडूने खूण करा. नुसत्या वरवरच्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरांना घाबरू नका. मात्र त्या एखाद्या बोल्टाभोवती किंवा बुडाच्या कण्याजवळ दाटल्या असतील, तर तिथे होडीला मार बसला आहे किंवा सतत ताण येतो आहे असे धरावे.

मग स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन सगळे बूड हळूहळू ठोकत जा. धड फायबर टणक, मोकळा आवाज देते. थर सुटले असतील किंवा आत ओल असेल, तर आवाज बद्द येतो. माठ पारखणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र मागच्या फळीला द्या, म्हणजे इंजिन जिच्यावर टांगतात तिला. बाहेरून ती फायबरची दिसते, पण बऱ्याच होड्यांत आत प्लायवूड असते. एखाद्या बोल्टाच्या भोकातून पाणी आत शिरले, की ते प्लायवूड आतल्या आत कुजते. माझ्या मावसभावाने ऑगस्टमध्ये चकचकीत रंगाची होडी घेतली. गणपती झाले आणि बोल्टांखालून चहाच्या रंगाचे पाणी गळू लागले. दिवाळीपर्यंत इंजिन मागे कलले. फळी कापून नवी बसवताना त्याचा हंगामाचा ऐन महिना गेला. 40 हॉर्सपॉवरचे इंजिन 70 किलोंच्या आसपास भरते. ते भर लाटेत सुटले तर नुसते इंजिनच जात नाही, माणसे जातात. म्हणून इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हाताने भार द्या आणि दुसऱ्याला फळीकडे बघत राहायला सांगा. फळी किंचितही वाकली, तर सौदा तिथेच थांबवा. किंमत पाडून घेण्याच्या फंदात पडू नका.

आता इंजिन. तुम्ही पोहोचण्याआधी मालकाने ते सुरू करून ठेवलेले नसावे. वरचे झाकण हाताला गरम लागले, तर दुसऱ्या दिवशी या, कारण गार इंजिन कसे सुरू होते तेच बघायचे आहे. सुरू होताच मागून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार जोरात पडायला हवी. धार तुटक असेल तर पंपाचे रबर झिजलेले असते किंवा आतल्या वाटा मिठाने बुजलेल्या असतात. पहिली गोष्ट थोडक्या खर्चाची, दुसरी नाही. खालच्या गिअरचा स्क्रू सैल करून तेल बघा. ते दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे. पुष्कळदा पंख्याच्या मागे गुंडाळलेली जाळ्याची तंगूस सील कापते, म्हणून पंखा काढून तिथेही डोकवा. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर कारण कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाण्यावरची फेरी किमान तासाभराची हवी, आणि रोज जेवढी माणसे-सामान न्यायचे तेवढे वजन घेऊन. पूर्ण वेगात इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते का ते पाहा. पोहोचत नसेल तर पंखा चुकीचा आहे, इंजिन दमले आहे, किंवा होडीने पोटात पाणी धरून वजन वाढवले आहे. परत आल्यावर तळाशी साचलेले पाणी बोटाने चाखा. गोडे असेल तर पावसाचे किंवा धुण्याचे. खारट असेल तर ते लाटेच्या तुषारांचे की बुडातून आलेले, हे होडी रात्रभर शांत पाण्यात उभी ठेवून पक्के करा.

निघण्यापूर्वी इंजिनवरचा नंबर आणि होडीवरचा नोंदणी क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात नोंदणी, परवाना आणि सोसायटीच्या कर्जाची बाकी हे कागद एकेक करून पाहू, तेव्हा ते लागतील. तोवर मालक कितीही ओळखीचा असला तरी विसार देऊ नका.