वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : कोणती आणि कोणासाठी?

११ फेब्रुवारी २०१७ च्या पहाटे इजिप्तहून आलेले एक मालवाहू विमान मुंबईत उतरले. जुन्या पिढीच्या तोंडी आजही ‘सांताक्रूझचे विमानतळ’ असेच नाव असलेल्या त्या विमानतळावर एक महिला रुग्ण खास तयार केलेल्या पलंगासह बाहेर आणली गेली. तिचे नाव इमान अहमद. वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात ७ मार्च रोजी तिच्यावर ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ ही शस्त्रक्रिया झाली. मे महिन्यात पुढील उपचारांसाठी तिला अबुधाबीला हलविण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथेच तिचे निधन झाले.

त्या काही महिन्यांत ‘बॅरिआट्रिक सर्जरी’ हा शब्द मुंबईच्या घराघरांत पोहोचला. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये आणि अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याच्या बातम्या लोकांच्या स्मरणात होत्याच. आज हा प्रश्न बातमीपुरता राहिलेला नाही. तो व्यापारी कुटुंबांच्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे.

सांताक्रूझच्या बाजारात कापडाचे दुकान चालविणाऱ्या पन्नाशीच्या एका गृहस्थाची कल्पना करावी. सकाळी दहापासून रात्रीपर्यंत गादीवर बैठक, समोर चहा-फरसाण, लग्नसराईत मिठाईचे डबे. उंची १६५ सेंटीमीटर, वजन १०४ किलो. बारा वर्षांचा मधुमेह आता इन्सुलिनलाही दाद देत नाही. रात्री घशाशी आंबट येते, गुडघे दुखतात म्हणून वरचेवर वेदनाशामक गोळी घेतली जाते. मुलगा म्हणतो, “पप्पा, आता ऑपरेशन करून घ्या.” आई म्हणते, “धडधाकट पोट कशाला कापायचे?” आणि शस्त्रक्रिया करावयाचीच तर कोणती, यावर दोन डॉक्टर दोन सल्ले देतात. अशा घरात निर्णय घेताना कोणत्या गोष्टी तोलून पाहाव्यात, त्याचा हा विचार.

प्रथम पात्रता

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की ‘बीएमआय’ मिळतो. वरील गृहस्थाचा तो सुमारे ३८ येतो. या क्षेत्रातील अमेरिकन व आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांनी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या सूचनांनुसार बीएमआय ३५ किंवा त्याहून अधिक असल्यास, इतर आजार नसला तरी, शस्त्रक्रियेची शिफारस करता येते. ३० ते ३५ च्या दरम्यान मधुमेहासारखा चयापचयाचा विकार असल्यास तिचा विचार करावा. आशियाई लोकांत कमी वजनावरही मधुमेह जडतो, म्हणून त्यांच्यासाठी २५ पासूनच स्थूलता धरली जाते आणि २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय देता येतो. लग्नाआधी दहा-बारा किलो उतरविण्याची ही सोय मुळीच नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दोन प्रमुख मार्ग

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. आतड्याला हात लावला जात नाही. भूक चेतविणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. शस्त्रक्रिया तुलनेने सुटसुटीत आणि कमी वेळात आटोपणारी असते. मात्र काढलेले जठर परत जोडता येत नाही, आणि नळीतील दाब वाढल्याने आम्लपित्ताचा त्रास नव्याने सुरू होऊ शकतो किंवा असलेला बळावतो.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न तेथून आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जात नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. आम्लपित्तावर ही पद्धत गुणकारी ठरते आणि मधुमेहावर तिचा प्रभाव अधिक पडतो. उलट बाजूला लोह, कॅल्शियम व ब-१२ यांची कमतरता अधिक, जोडावर व्रण होण्याची शक्यता आणि कालांतराने आतडे आतल्या आत अडकण्याचा धोका. तंबाखू, धूम्रपान आणि वेदनाशामक गोळ्या या व्रणाला आमंत्रण देतात. गोड पदार्थ झटकन आतड्यात उतरल्याने छातीत धडधड, घाम, चक्कर असा त्रासही होतो. त्याला ‘डंपिंग’ म्हणतात. जिलेबीची दोन वेढी खाऊन पंगतीतून उठावे लागले, असा अनुभव बायपास झालेल्या माणसाला नवा नसतो.

इतर पर्याय

‘मिनी बायपास’मध्ये जठराची लांबट पिशवी करून आतड्याला एकच जोड देतात. अमेरिकेतील रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये ती सुरू केली; भारतातही ती बरीच केली जाते. वजन चांगले उतरते. तथापि फ्रान्समध्ये २५३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नेहमीच्या बायपासपेक्षा जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी तिच्यात अधिक आढळल्या. शाकाहारी कुटुंबांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. ‘ड्युओडिनल स्विच’मध्ये वजन सर्वांत जास्त घटते आणि पोषणाची तूटही सर्वांत मोठी असते. जठराभोवती पट्टा बसविण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. पोटात सोडण्याचा फुगा ही शस्त्रक्रिया नव्हे. तो काही महिन्यांनी काढावा लागतो आणि वजन पुष्कळदा परतते.

२०२५ मध्ये टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतीय बाजारात आली. ज्यांचे वजन फार जास्त नाही, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी या मार्गाची चर्चा डॉक्टरांशी अवश्य करावी. औषध थांबले की वजन परत वाढू लागते, म्हणून हा खर्च दीर्घ मुदतीचा धरावा लागतो.

दहा वर्षांचा ताळेबंद

व्यापारी माणूस एका वर्षाच्या नफ्यावरून पेढीची पारख करीत नाही. शस्त्रक्रियेचीही तशी करू नये. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना स्लीव्ह आणि बायपास अशा दोन गटांत विभागून दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. जादा वजनापैकी स्लीव्हच्या गटात सरासरी ४३.५ टक्के, तर बायपासच्या गटात ५१.९ टक्के वजन दहा वर्षांनंतरही उतरलेले होते. फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही. अन्ननलिकेच्या दाहाबाबत मात्र तफावत मोठी दिसली : स्लीव्हनंतर ३१ टक्के, बायपासनंतर ७ टक्के.

मधुमेहासंबंधी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचा १५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. पाच वर्षांनंतर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६ किंवा त्याखाली असलेले रुग्ण केवळ औषधोपचारावर ५ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि बायपासनंतर २९ टक्के होते. शस्त्रक्रियेचा लाभ निर्विवाद. पण ‘मधुमेह कायमचा गेला’ असे आश्वासन कोणालाच देता येत नाही, हेही हेच आकडे सांगतात.

निवड कधी कधी दोन टप्प्यांत होते. वसईच्या सुमारे ३०० किलो वजनाच्या एका महिलेवर मुंबईत २०१५ मध्ये स्लीव्ह आणि २०१७ मध्ये बायपास करण्यात आली. २०१९ मध्ये तिचे वजन ८६ किलोवर आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. अतिशय स्थूल रुग्णाला आधी छोटी शस्त्रक्रिया, काही वजन उतरल्यावर मोठी, हा विचार त्यामागे असतो. स्लीव्ह पद्धत मुळात अशा पहिल्या टप्प्यातूनच पुढे आली.

जैन स्वयंपाकघराचा हिशेब

शस्त्रक्रियेनंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. अंडी-मांस वर्ज्य, कंदमुळे वर्ज्य, कच्च्या दह्याबरोबर कडधान्य नाही, अशा घरात ती कोठून आणावयाची? १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम, ४०० मिलिलिटर दुधातून १३ ग्रॅम, ६० ग्रॅम कोरड्या मूगडाळीतून १४ ग्रॅम. बेरीज ४५. एवढे अन्न आकसलेल्या जठरात मावणे प्रारंभी अशक्यच असते. म्हणून दुधापासून बनलेली व्हे प्रथिनांची पूड किंवा सोयाबीन यांची जोड द्यावी लागते. ब-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत आधीच सामान्य असते. तपासणी करून ती शस्त्रक्रियेपूर्वीच भरून काढावी.

चौविहाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. डिसेंबरात मुंबईत दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. नवकारशी पाळली तर हाती उरतात दहा. घन आहार सुरू झाल्यावर जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी घ्यावयाचे नसते. चार लहान जेवणांचे चार तास वजा केले की राहतात सहा. त्यांत किमान दीड लिटर पाणी, म्हणजे दर पंधरा मिनिटांना सुमारे ६० मिलिलिटर, घोट घोट पोटात जायला हवे. काही महिन्यांनी हे शिस्तीने जमते. प्रारंभीच्या आठवड्यांत मात्र पाण्याची कमतरता होऊन रुग्णालयात परतण्याची वेळ येऊ शकते.

उपवास, एकासणे, आयंबिल, अठ्ठाई यांविषयीही हेच. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात दीर्घ उपवास धोक्याचा ठरतो. उलट्या आणि निराहार यांमुळे ब-१ जीवनसत्त्व संपले तर मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते. पर्युषण जवळ आल्यावर घाईने प्रश्न विचारण्यापेक्षा शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच आहारतज्ज्ञ आणि गुरुमहाराज या दोघांशी मोकळेपणाने बोलून पचक्खाणाची मर्यादा ठरवावी. प्रवचन, सामायिक, स्वाध्याय हे तपाचे मार्ग तर कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर खुलेच असतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी दिले जाणारे हेपारिन आणि एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून तयार होते. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनविलेले औषध आहे. पुष्कळ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते आणि टाक्यांची रेघ भक्कम करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही पट्ट्या गाई-बैलांच्या ऊतकापासून बनतात. या गोष्टी आधी विचारल्या तर पर्याय शोधता येतात. मात्र पर्याय आपल्या प्रकृतीला चालणारा नसेल, तर गुठळी रोखणारे इंजेक्शन स्वतःहून नाकारू नये; तेथे प्राणाचा प्रश्न असतो.

विमा आणि खर्च

विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित नियमांनुसार पॉलिसीत शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी रुग्ण किमान १८ वर्षांचा हवा, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली हवी, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक हवा. तो ३५ किंवा अधिक असेल तर अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार यांपैकी काही सोबत हवे आणि साधे उपाय अपयशी ठरलेले हवेत. जुन्या आजारांची प्रतीक्षा मुदत वेगळी असते. म्हणून पूर्वीच्या आहारोपचारांची व औषधांची कागदपत्रे जपून ठेवावीत, आणि दाखल होण्यापूर्वीच लेखी मंजुरी घ्यावी. पुढील आयुष्यभराच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या यांचाही खर्च हिशेबात धरावा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर

शल्यचिकित्सकांना काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रिया आपण नियमित करता का? माझ्यासाठी अमुकच पद्धत का, आणि दुसरी का नको? आधी एंडोस्कोपी होणार का? मध्यरात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार? पाच वर्षांनंतरही पाठपुरावा होणार का? अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण साधारण हजारात एकाच्या आसपास असते. पण गळती, रक्तस्राव, पुढे होणारे पित्ताशयाचे खडे यांविषयी मोकळेपणाने न बोलणाऱ्या डॉक्टरांच्या हाती घाईने स्वाक्षरी देऊ नये. मातृत्वाची इच्छा असलेल्या महिलांनी शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने थांबावे.

आता पुन्हा त्या सांताक्रूझच्या गृहस्थाकडे वळावे. जुना मधुमेह आणि रात्रीचे आम्लपित्त या दोन्ही गोष्टी बायपासकडे बोट दाखवितात. गुडघ्यांसाठीची रोजची गोळी मात्र बायपासला चालणारी नाही. ती सोडून दुसरा उपाय शोधता आला, तरच ती वाट सुरक्षित. एंडोस्कोपीत अन्ननलिका निरोगी निघाली आणि गोळ्या सुटण्याजोग्या नसल्या, तर स्लीव्हचा पक्ष बळकट होतो. दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले ते बहुधा यामुळेच. दोघांनी त्याच्या आयुष्याच्या वेगवेगळ्या पानांवर नजर टाकली होती. आईच्या प्रश्नालाही उत्तर आहे. बारा वर्षांचा अनावर मधुमेह मूत्रपिंड, डोळे आणि हृदय आतून पोखरीत असतो, तेव्हा वरून धडधाकट दिसणारे शरीर धडधाकट नसते.

शस्त्रक्रिया दोन तासांत आटोपते. त्यानंतर ताटातील घास मोजणे, दुकानातील बैठक मोडून रोज चालणे आणि दर वर्षी रक्त तपासणे हे त्या गृहस्थाला आणि त्याच्या घराला जन्मभर करावयाचे असते. तेवढी तयारी घरातील सर्वांनी मिळून केली असेल, तर निवडलेला मार्ग कोणताही असो, तो फळाला येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.