खणता खणता फुटबॉल!

बालमित्रांनो, 'खणणे' यावरून आपला 'खाण' शब्द झाला. दूर युरोपात स्लाव्ह लोकांकडेही तसंच घडलं बरं का! त्यांचा खणण्याचा जुना शब्द 'कोपाती'. त्यावरून पोलंडमध्ये खाणीला म्हणतात 'कोपाल्न्या'. क्राकूवजवळच्या वियेलिच्का गावची मिठाची कोपाल्न्या तर जगप्रसिद्ध! रशियन सैनिक लपतात तो खंदक म्हणजे 'अकोप'.

पण खरी गंमत पुढेच आहे. घोडा पायानं जमीन उकरतो ना? म्हणून त्याच्या खुराला नाव पडलं 'कोपितो'. पोलिश आणि चेक भाषांत तर खणणे आणि लाथ मारणे, दोन्हींना एकच क्रियापद! म्हणून चेक लोक फुटबॉलला 'कोपना' असंही म्हणतात.

मात्र 'कोपाती' आणि 'खणणे' यांना भावंडं समजू नका हं. क-ख शेजारी आहेत, एवढंच!