फिरते घर आणि आकाशातले इंटरनेट



अमेरिकेत माणूस नोकरीतून मोकळा झाला की त्याच्या डोक्यात एक विचार हमखास येतो. एक मोटारहोम घ्यावे आणि हा एवढा मोठा देश एकदा तरी बघून घ्यावा! चाकांवरचे घरच ते. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळे आटोपशीर. आपल्या मंडळींना त्याचा आणखी एक फायदा, स्वयंपाकघर स्वतःचे. कोशेरची चिंता नाही, भांडी आपली, मसाला आपला. वाळवंटात गाडी उभी करून नारळाच्या दुधातले कालवण रांधता येते, आणखी काय हवे?

पण बेत ठरला की घरात पहिला प्रश्न मुलांकडून येतो. "बाबा, तुम्ही खुशाल जा, पण तिकडे फोन लागला नाही तर? आईची औषधे, डॉक्टर, सगळे कसे जमायचे?" आणि आईचा प्रश्न वेगळाच असतो. "शुक्रवारी दिमोनाहून नातवंडांचा व्हिडिओ कॉल येतो, त्याचे काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेत मोबाईल सगळीकडे चालतो असा आपला समज असतो, पण पश्चिमेकडची वाळवंटे, डोंगर आणि मोठमोठी राष्ट्रीय उद्याने इथे मैलोन्‌मैल फोनवर एकही काडी दिसत नाही. कॅलिफोर्नियाची डेथ व्हॅली काय किंवा टेक्ससचे बिग बेंड काय, मुख्य ठाणे सोडले की फोन म्हणजे नुसते घड्याळ. अशा जागी उपयोगी पडते ते उपग्रहाचे इंटरनेट. ते कसे चालते, कोणाला घ्यावेसे वाटेल आणि कोणाला त्याची मुळीच गरज नाही, हे आम्ही इथे शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगणार आहोत.

आर्वीच्या डिशपासून

उपग्रहावरून बोलणे आपल्या पिढीला तसे नवे नाही. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला आर्वी नावाचे गाव आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे भारताचे पहिले मोठे उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. डॉ. विक्रम साराभाईंच्या स्मरणार्थ त्याला विक्रम भूकेंद्र म्हणतात. मुंबईहून परदेशी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिलेले आमच्यातले अनेकजण आहेत. अखेर पलीकडून "हॅलो" ऐकू यायचे, पण आपण बोललो की मध्ये एक विचित्र शांतता, आणि मग दोघेही एकदम बोलायला लागत. लाईन खराब आहे असे आपण म्हणायचो. पुष्कळदा लाईन खराब नसे, अंतरच तेवढे असे.

मुलांनो, आता तुम्ही एक नारळ हातात घ्या. साधारण १३ सेंटिमीटर जाडीचा. ही आपली पृथ्वी समजा. जुन्या पद्धतीचे दळणवळण उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. म्हणजे आपल्या नारळापासून सुमारे ३६ सेंटिमीटर दूर, फूटपट्टीपेक्षाही लांब! तिथे उपग्रहाला एक फेरी मारायला बरोबर पृथ्वीच्या एका गिरकीएवढा वेळ लागतो, त्यामुळे खालून बघितले तर तो एकाच जागी थांबलेला दिसतो. डिश एकदा त्याच्याकडे वळवली की झाले. ही कल्पना आर्थर सी. क्लार्क या लेखकाने १९४५ साली मांडली होती.

तोटा एकच. संदेश वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि उत्तर परत यायला आणखी पाव. प्रकाशाच्या वेगाने जाऊनही! ईमेल वाचताना हा अर्धा सेकंद जाणवत नाही, पण बोलताना मात्र जाणवतो. ट्रंक कॉलमधली ती शांतता हीच.

टपावरची पहिली डिश

अमेरिकेत घरगुती उपग्रह इंटरनेट १९९६ च्या सुमारास सुरू झाले. त्यात माहिती यायची उपग्रहावरून, पण आपल्याकडून जायची साध्या टेलिफोनच्या तारेवरून. फिरत्या घराला तार कुठली? दोन्ही बाजूंनी उपग्रहच वापरणारी पहिली घरगुती सेवा अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये आली. तिचे नाव स्टारबँड. आणि आपल्या वाचकांना ऐकून बरे वाटेल, तिच्यामागे गिलात ही इस्राएलची कंपनी होती. पेताह तिकवाची! सोबत मायक्रोसॉफ्ट आणि एकोस्टार या अमेरिकन कंपन्या. स्टारबँडला पुढे पैशांची ओढाताण सोसावी लागली, आणि २०१५ साली ती सेवा बंद झाली, पण वाट तिने दाखवली.

मोटारहोमवाल्यांनी हे लगेच उचलले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी टपावर आपोआप उघडणारी डिश बसवली. बटन दाबले की ती उभी राहायची, स्वतःच दक्षिणेकडचा उपग्रह शोधायची आणि स्थिर व्हायची. खर्च हजारो डॉलरांत. बाकीचे लोक तिपाई लावून, होकायंत्र हातात घेऊन डिश फिरवत बसत. बायको आत संगणकावर सिग्नल बघणार, नवरा बाहेर. "थोडं डावीकडे! नाही नाही, गेलं! परत आण!" कॅम्पात नव्याने आलेल्या जोडप्याची ती परीक्षाच असे. शिवाय ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त डाउनलोड झाले की वेग पार मंदावायचा. आणि गाडी निघायच्या आधी डिश मिटायलाच हवी.

नारळाला चिकटलेले उपग्रह

मोठा बदल झाला तो २०१९ नंतर. त्या वर्षी मे महिन्यात स्पेसएक्स कंपनीने स्टारलिंकचे ६० उपग्रह एकदम सोडले. आज त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. हे उपग्रह फक्त ५५० किलोमीटरच्या आसपास, काही त्याहूनही खाली. मुलांनो, आपल्या नारळापासून मोजा बरे, जेमतेम अर्धा सेंटिमीटर! नारळाच्या शेंडीतच अडकले म्हणा ना. अंतर कमी म्हणून वेळही कमी, त्यामुळे समोरासमोर बोलल्यासारखे बोलता येते.

पण इतक्या खालचा उपग्रह एका जागी थांबू शकत नाही. साधारण दीड तासात तो पृथ्वीला फेरी मारतो आणि आपल्या डोक्यावर काही मिनिटेच राहतो. म्हणून हजारो उपग्रह लागतात, आणि डिश दर काही सेकंदांनी एकाला सोडून दुसऱ्याला धरते. डिश न हलवता हे सगळे आतल्या विद्युत यंत्रणेने होते. नुकतेच सोडलेले उपग्रह संध्याकाळी मण्यांच्या माळेसारखे ओळीने जाताना दिसतात. मुलांना नक्की दाखवा.

मे २०२२ मध्ये स्टारलिंकने खास मोटारहोमसाठी योजना काढली. तेव्हा संच ५९९ डॉलरला होता आणि महिन्याला १३५ डॉलर. फिरणे नसेल त्या महिन्यात बंद ठेवायची सोय होती. त्याच वर्षी ३० जूनला अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने चालत्या वाहनावरही ही सेवा वापरायला परवानगी दिली. २०२४ मध्ये दप्तरात मावेल अशी छोटी डिशही आली. त्यानंतर योजनांची नावे, भाव आणि बंद ठेवण्याचे नियम पुष्कळदा बदलले आहेत. म्हणून घेण्यापूर्वी मुलांना कंपनीच्या पानावर त्या दिवसाचा भाव बघायला सांगा, शेजाऱ्याने सांगितलेल्या भावावर जाऊ नका.

घ्यायचे असेल तर

पहिली गोष्ट, झाड. उपग्रहाला ढगांचा फारसा त्रास होत नाही (जोराचा पाऊस सोडून), पण झाडाचा होतो. यलोस्टोनच्या पाइन झाडीत गाडी उभी केलीत तर सावली छान मिळेल आणि व्हिडिओ कॉल दर मिनिटाला अडकेल. म्हणून डिश टपावर कायमची ठोकण्यापेक्षा लांब वायर घेऊन मोकळ्या जागेत ठेवता येईल अशी असलेली बरी. घर सावलीत, डिश उन्हात.

दुसरी गोष्ट, वीज. कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी असेल तर प्रश्न नाही. वाळवंटात मात्र हिशेब ठेवावा लागतो. नेहमीची डिश सुमारे ७५ ते १०० वॅट घेते, छोटी साधारण २५ ते ४०. १२ व्होल्टच्या १०० अँपियर-तासांच्या लिथियम बॅटरीत अंदाजे १,२०० वॅट-तास वीज असते. मोठी डिश १० तास चालू ठेवली तर ७५० च्या वर वीज तीच खाऊन टाकते. मग फ्रीज, दिवे आणि रात्री श्वासाचे मशीन लागणाऱ्यांचे काय? ज्यांना ते मशीन लागते त्यांनी आधी मशीनचा हिशेब करावा, मग इंटरनेटचा.

तिसरी गोष्ट, खरोखर गरज आहे का? मोठ्या रस्त्यांच्या कडेने, शहराजवळच्या कॅम्पांतून फिरायचे असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो आणि स्वस्त पडतो. कॅम्पचे वाय-फाय फुकट असते, पण संध्याकाळी सगळेच बसले की नळाला पाणी जसे करंगळीएवढे येते तसे ते येते.

ज्यांना फक्त अडीअडचणीची काळजी आहे, त्यांच्यासाठी मोठी डिश लागतच नाही. नोव्हेंबर २०२२ पासून अमेरिकेत आयफोन १४ आणि पुढच्या फोनांवरून मोबाईल सिग्नल नसतानाही उपग्रहामार्फत मदत मागता येते. मोकळ्या आकाशाखाली उभे राहून फोन दाखवील त्या दिशेला धरायचा. हे घरी असतानाच मुलांकडून शिकून घ्या, फोनमध्ये सरावाची सोय आहे. छाती दुखायला लागल्यावर शिकायची ही गोष्ट नव्हे.

क्वार्ट्झसाइटचा शुक्रवार

थंडीत मोटारहोमवाल्यांची पंढरी म्हणजे अॅरिझोनातले क्वार्ट्झसाइट. गाव एवढेसे, पण हिवाळ्यात भोवतालच्या वाळवंटात गाड्यांचे शहर वसते. सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम करता येतो. झाड म्हणाल तर नावाला, त्यामुळे आकाश मोकळेच मोकळे. पूर्वी इथे मोठ्या डिश सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असत. आता चपट्या पांढऱ्या पाट्या दिसतात.

इथे आपल्याला इंटरनेट लागते ते शब्बाथच्या वेळेसाठीही. क्वार्ट्झसाइटहून कॅलिफोर्नियाची हद्द २० मैलांच्या आसपास. अॅरिझोना घड्याळ बदलत नाही, कॅलिफोर्निया बदलते. म्हणून हिवाळ्यात नदी ओलांडली की घड्याळ एक तास मागे, पण सूर्याला त्याचे काय? दिवे लावायची वेळ ज्या गावी मुक्काम असेल त्या गावची बघावी, आणि गुरुवारीच कागदावर लिहून ठेवावी. इस्राएल अॅरिझोनाच्या हिवाळ्यात ९ तास आणि उन्हाळ्यात १० तास पुढे. दिमोनाच्या नातवंडांशी शुक्रवारी बोलायचे तर आपल्या पहाटेच, नाहीतर त्यांचा शब्बाथ लागतो.

मग आपला शब्बाथ लागतो आणि डिश बंद होते. आपल्या पूर्वजांना कोकणात लोक शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे. आमचा घाणा आता टपावर असतो, तोही शनिवारी फिरत नाही. एकदा सवय झाली की त्या पंचवीस तासांची शांतता गोड वाटते.

तरी एक दिवस आमच्यातल्या कोणालाच विसरता येत नाही. ७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. इस्राएलमध्ये सकाळचे साडेसहा, म्हणजे अॅरिझोनात शुक्रवारची रात्र साडेआठ. अश्कलोन, अश्दोद, बेर-शेवा, सगळीकडे आपली माणसे, आणि इकडे दिवे लागलेले, फोन मिटलेले. कोणी फोन उघडला, कोणी रविवारची वाट बघितली, कोणी शेजाऱ्याकडून ऐकले. कोणाचे बरोबर, ते आम्ही सांगणार नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण दुरून नुसती बातमी ऐकण्यासाठी? ज्याने त्याने आपल्या रब्बींना विचारावे, आणि निघण्यापूर्वीच विचारावे. घरच्यांशीही ठरवून ठेवावे: फार निकड असेल तर कोणी, कोणाला, कसे कळवायचे. हे ठरले नसेल तर सर्वांत महागडी डिशही कामाची नाही.

जाता जाता महाराष्ट्राची बातमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर हेतुपत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबारसारख्या दुर्गम भागांतल्या शाळा आणि आरोग्य केंद्रे जोडावीत असा त्यामागे विचार आहे. आर्वीच्या त्या प्रचंड डिशचे काम उद्या एखाद्या आश्रमशाळेच्या कौलावरची थाळीएवढी पाटी करील, तर आनंदच आहे.

तेव्हा मंडळी, बेत आखला असेल तर मुलांना हा लेख वाचून दाखवा, किंवा त्यांच्याकडून वाचून घ्या. औषधांची यादी, डॉक्टरचा नंबर, मुक्कामांची नावे एका कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवा. निघताना तफिलात हदेरेख म्हणा, एलियाहू हन्नाबीची आठवण करा, आणि बॅटरी भरून घ्या.

प्रवास सुखाचा होवो. शालोम!