दंतशूल
(दातदुखी). दात किंवा हिरडीच्या विकाराने होणारी वेदना. दंतक्षय हे तिचे प्रमुख कारण होय. तोंडातील जंतू साखरेपासून अम्ल तयार करतात. त्याने दाताचे कठीण आवरण झिजून खळगा पडतो व दाह आतील मगजापर्यंत पोहोचला की ठणका लागतो. मगज मृत झाल्यावर ठणका थांबला, तरी संसर्ग मुळाशी वाढत राहतो. म्हणून वेदना शमणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. लवंगेच्या तेलाने तात्पुरता आराम पडतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात यासाठी मशेरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावतात. तिने व्यसन जडते व मुखकर्करोगाचा धोका वाढतो. फ्ल्युओराइडयुक्त टूथपेस्टने रोज दोनदा दात घासणे व गोड कमी खाणे हे प्रतिबंधक उपाय होत. चेहऱ्यावर सूज किंवा ताप आल्यास त्वरित दंतवैद्याकडे जावे.