दोष निगेचा नव्हे, वंशाचा

पेटीतील तापमान योग्य, दमटपणा योग्य, लपायला अंधारी जागा, वेळच्या वेळी उंदीर. तरीही सापाचे पिल्लू अंग धरत नाही. बंदिवासात सापांची पैदास करणाऱ्या अमेरिका-युरोपातील मंडळींना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी बोट पाळणाऱ्याकडे जाते आणि अनेकदा ते रास्तही असते. परंतु काही पिल्ले आपले दुखणे अंड्यातूनच घेऊन येतात. बॉल पायथनचा ‘स्पायडर’ हा वाण त्याचे ठळक उदाहरण आहे.

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहानखुरा अजगर. भ्याला की डोके आत दडवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. धडधाकट असतानाही तो कित्येक महिने उपाशी राहू शकतो. त्यामुळे खात नाही एवढ्यावरून त्याला आजारी ठरवता येत नाही. वजन सतत घटू लागले तर मात्र कारण शोधावे लागते.

स्पायडर वाणाची पैदास १९९९च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाली. फिकट तपकिरी अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा, ही त्याची ओळख आणि त्याची किंमतही. हे जनुक प्रभावी आहे; पालकांपैकी एकाकडे असले तरी साधारण निम्म्या पिल्लांत ते उतरते. पण रेघांसोबत आणखी एक गोष्ट उतरते. या सापांचे डोके डुलते, मान पिळवटून वर-खाली होते, उलटे पडल्यावर सरळ होता येत नाही. भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो. कोणात हा दोष जेमतेम जाणवतो, तर कोणाला धड खाताही येत नाही.

याचे कारण बरीच वर्षे मेंदूत शोधले जात होते. २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी सूक्ष्म सीटी स्कॅनने या सापांचे अंतर्कर्ण तपासले. सापाला बाहेरचा कान नसला तरी तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका त्याच्या कवटीत असतात. स्पायडर सापांत या नलिका व त्यांच्या लगतची पिशवी विकृत आढळली. म्हणजे जमीन कुठे आणि आकाश कुठे, हेच त्या जिवाला नीट उमगत नाही. ऊब वाढवून किंवा उंदीर बदलून हाडातील घडण बदलणार कशी?

त्वचेचे रंग आणि कानाची घडण यांचा संबंध विचित्र वाटेल. पण निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांमध्ये बहिरेपण बरेच आढळते, ते असेच. गर्भावस्थेत रंगपेशी ज्या पेशीसमूहातून निघतात, त्याचा कानाच्या जडणघडणीतही वाटा असतो.

वंशाखेरीज इतर जन्मजात कारणेही आहेत. उबवणीच्या काळात तापमान चुकले तर पिल्लू अशक्त निपजते. अजगर व बोआंच्या एका जीवघेण्या रोगाचे विषाणू आईकडून पिल्लांत जाऊ शकतात आणि लागण झालेले पिल्लू बराच काळ निरोगी दिसू शकते.

भारतात देशी साप पाळणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांचीही नोंदणी करावी लागते. तरी मुंबई व चेन्नईच्या विमानतळांवर सामानात लपवलेले असे साप पकडले गेले आहेत. चोरवाटेने आलेल्या पिल्लाचे आई-बाप कोण, हे विकणाराही सांगू शकत नाही.

ब्रिटनमधील एका सर्पपालक संस्थेने आपल्या मेळ्यांत स्पायडरची विक्री बंद केली. ज्यांच्या घरी हे साप आधीच आहेत, त्यांनी पेटीत चढण्यासाठी उंच फांद्या ठेवू नयेत, मेलेला उंदीर चिमट्याने तोंडासमोर धरावा आणि साप उगाच हाताळू नये. दोष बेताचा असेल तर असा साप कित्येक वर्षे जगतो, डोके डुलवीतच.