सल्ला विकून कंपनी मोठी होते कशी? जळगाव ते जग, आणि पुढे काय झालं

एपिसोड ऐकायचा राहिला असेल तर इथे वाचून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आजचा विषय आहे 'डेव्हलपमेंट कन्सल्टिंग'. म्हणजे काय? समजा एखाद्या देशात पाण्याचं, शेतीचं, आरोग्याचं काम उभं करायचंय. पैसा सरकारचा, जागतिक बँकेचा नाहीतर परदेशी मदतीचा. पण काम कसं करायचं हे सांगणारी आणि करून दाखवणारी कंपनी वेगळी असते. अमेरिकेत डीएआय १९७० साली सुरू झाली, केमोनिक्स १९७५ साली. पुढे दोन्ही कितीतरी देशांत पोहोचल्या.

आता तुम्ही म्हणाल, याचा खानदेशाशी काय संबंध? नावाने कन्सल्टिंग नाही, पण त्याच वाटेवरून बरंच अंतर चाललेली एक कंपनी जळगावात आहे. जैन इरिगेशन.

हातगाडीपासून ठिबकपर्यंत

भवरलाल जैन मूळचे जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे. १९६३ मध्ये घरातले सात हजार रुपये घेऊन त्यांनी रॉकेलचा धंदा सुरू केला, तोही हातगाडीवर. मग शेतीला लागणारं सामान आलं, १९७८ मध्ये पपईच्या चिकापासून पपेन, १९८० मध्ये पीव्हीसी पाइप. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आलं ठिबक.

ठिबक हा काही त्यांचा शोध नव्हे. इस्राएलची नेटाफिम १९६५ पासून हेच करत होती. मग जळगावची कंपनी वाढली कशाच्या जोरावर?

नळी एकीकडे, अक्कल एकीकडे

नुसती नळी अंथरून पीक येत नाही. विहिरीला पाणी किती, जमीन काळी की मुरमाड, दोन ड्रिपरमध्ये अंतर किती, फिल्टर कोणता, खत पाण्यातून कधी सोडायचं, हे सगळं शेत बघून ठरवावं लागतं. रावेरच्या केळीचा हिशोब शिंदखेड्याच्या कापसाला चालत नाही. एकदा ड्रिपर क्षाराने बुजले, की शेतकरी नळ्या गुंडाळून बांधावर टाकतो आणि चार शेजाऱ्यांना सांगतो, "काही उपयोग नाही रे बाबा."

म्हणून कंपनीने नळीबरोबर कृषितज्ज्ञ पाठवला. पुढे टिश्यू कल्चरची केळीची रोपं दिली. जुन्या पद्धतीत दीड वर्षाच्या आसपास लागायचं, तिथे वर्षभरात घड हातात यायला लागला. शेजाऱ्याने ते बांधावरून पाहिलं. सल्ल्याची याहून मोठी जाहिरात नसते!

जळगावातून बाहेर

हीच अक्कल मग परदेशात गेली. २००६ मध्ये अमेरिकेतली चॅपिन ही ठिबक कंपनी घेतली. २००७ मध्ये इस्राएलच्या नानदानचा अर्धा हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये उरलेलाही. ज्या देशाकडून ठिबक शिकायचं, तिथलीच कंपनी जळगावची झाली.

मग अडकलं कुठे?

इथे नीट लक्ष द्या. माल शेतकऱ्याच्या शेतात, पण पैशाचा मोठा भाग सरकारकडून. केंद्राच्या योजनेत छोट्या शेतकऱ्याला ५५ टक्के अनुदान, इतरांना ४५ टक्के. अनुदान लांबलं की कुणाचा तरी पैसा अडकतोच: शेतकऱ्याचा, डीलरचा नाहीतर कंपनीचा. मोठ्या सरकारी सिंचन प्रकल्पांचंही तेच, काम आधी आणि बिल नंतर. तोवर पगार आणि बँकेचं व्याज थांबत नाही.

भवरलाल जैन २०१६ मध्ये गेले. २०१९ मध्ये कंपनीचे कर्जाचे हप्ते थकले. २०२२ मध्ये बँकांबरोबर कर्जाची नवी मांडणी झाली. २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन झाला, जैनकडे त्यात छोटा हिस्सा राहिला आणि कर्जाचं ओझं कमी झालं. म्हणजे कंपनी वाचली, पण कमावलेलं जग बरंचसं सोडून.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि १ जुलैला यूएसएडचं काम बंद झालं. केमोनिक्स, डीएआयसारख्या कंपन्यांना माणसं घरी बसवावी लागली. त्यांचं ज्ञान काही एका रात्रीत जुनं झालं नव्हतं. पैसे देणारा गेला होता.

आपण काय घ्यायचं?

तुमच्यापैकी कुणी ॲग्रीचं शिकतंय, कुणी ड्रोन फवारणीचा धंदा काढतोय, कुणी माती परीक्षणाची लॅब टाकतोय. तेव्हा तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. माझ्या सल्ल्याचा फायदा कुणाला? त्याचे पैसे कोण देणार? आणि ते सहा महिने लांबले, तर माझं घर कशावर चालणार?

पहिल्याचं उत्तर जळगावने जगाला दाखवलं. दुसऱ्या-तिसऱ्याचं उत्तर मात्र कंपनी मोठी झाल्यावर शोधायचं नसतं, पहिलं बिल फाडायच्या आधी शोधायचं असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!