तिलिस्म आणि तपास – लेखांक ११ : अमीनसाहेब कुणाचे?

आज नारायण धारपांच्या समर्थांकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण लातूरच्या एका वाचकांचा प्रश्न बाजूला ठेवण्यासारखा नाही. ते विचारतात की, सत्तेच्या टाचेखालचं शहर, एकाकी तपासनीस आणि त्यात जादू अशी कादंबरी रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या, काळातल्या नांदेड-लातूरवर का होऊ नये? आणि झालीच तर तिच्यात जादूचं काम काय? पहिल्या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे, अशी कादंबरी व्हायलाच हवी. दुसरा प्रश्न खरा अवघड आहे.

आपली रहस्यकथा एका गृहीतावर उभी असते. सत्य सापडलं की ते लिहून घेणारं कुणीतरी असतं, हे ते गृहीत. बाबुराव अर्नाळकरांचा धनंजय गुन्हेगार पकडतो तेव्हा त्याला ताब्यात घ्यायला मुंबईचे पोलीस असतात. ‘द थर्ड मॅन’ या १९४९च्या चित्रपटातलं व्हिएन्ना चार देशांच्या फौजांनी वाटून घेतलेलं आहे, तरी तिथेही एक कचेरी आहे आणि तिच्यात फाइल उघडणारा अधिकारी आहे. १९४८च्या लातुरात हे गृहीतच कोसळतं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली केलेला माणूस. कोतवालीतला अमीन, म्हणजे पोलीस अधिकारी, निजामाचा पगार खातो आणि रस्त्यावर हुकूम चालतो तो रझाकारांचा, मग फिर्याद द्यायची कुणाकडे? त्याच वर्षी जानेवारीत उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. निजामाच्या दफ्तरात तो दरोडा होता, लढणाऱ्यांच्या हिशेबी मुक्तिसंग्रामातली कामगिरी. ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा रस्त्यात खून झाला, त्यांचा हात तोडला गेला. भारतात विलीन व्हावं असं लिहिणाऱ्या या मुसलमान संपादकावर कुणाचा डोळा होता, हे शहराला ठाऊक होतं. म्हणजे अशा शहरात खुनी कोण हे कोडं उरतच नाही. माहीत असलेली गोष्ट नोंदवायची कुठे, हे कोडं असतं.

यावर कुणी म्हणेल की मग तपासाला वावच उरला नाही. मला उलट वाटतं. या मुलखाइतके पुरावे क्वचितच कुठे मिळतील. निजामाचा हाली सिक्का आणि ब्रिटिश कलदार अशी दोन नाणी होती, सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार असा भाव. प्रेताच्या खिशात कोणतं नाणं सापडलं यावरून तो माणूस शेवटचा व्यवहार कुठे करून आला याचा अंदाज बांधता येतो. बार्शी लाइटची छोटी गाडी मुंबई इलाख्यातल्या बार्शीहून निजामाच्या लातुरात येई. वाटेत राज्य बदलायचं आणि करोडगिरीच्या नाक्यावर सामानाची झडती व्हायची, तेव्हा कुणी काय आणलं याचा कागद असायचा. दफ्तर उर्दूत, बोलणं मराठीत, म्हणून प्रत्येक जबाब दोन वेळा घडायचा. आणि ती गंजगोलाई! फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातून उभी राहिलेली, १९१७मध्ये मधली इमारत पूर्ण झालेली, मध्यभागी अंबाबाईचं मंदिर आणि सगळ्या बाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. पाठलागासाठी आणि पाठलाग चुकवण्यासाठी याहून चांगली जागा लेखकाला कल्पनेनेही रचता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निजामांची आसफजाही राजवट १७२४पासून इथे होती, तिला परक्यांचा कब्जा कसं म्हणायचं? हे मला मान्य आहे. इथे बाहेरून आलेल्या सैन्याने शहर घेतलं नव्हतं. कब्जा झाला तो कायद्यावर, राज्याने आपला दंडुका एका संघटनेच्या हाती जाऊ दिला तेव्हा. हीच कसोटी लावली तर कादंबरी १७ सप्टेंबर १९४८ला, निजामाने भारतापुढे शरणागती पत्करली त्या दिवशी, संपवता येत नाही. भारतीय सैन्याच्या या ‘पोलीस कारवाई’नंतर काय झालं ते पाहायला भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड गणले, आणि उस्मानाबाद जिल्ह्यातल्या लातुरात मुसलमानांची कत्तल वीस दिवसांहून अधिक चालल्याचं नोंदवलं. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. फिर्यादी बदलला, आरोपी बदलला, आणि लिहून घेणारं टेबल पुन्हा रिकामंच राहिलं. मुक्तिसंग्रामाचा मोठेपणा यामुळे उणावत नाही, पण अर्धंच वर्ष सांगणारी कादंबरी खोटी ठरेल.

जादूचं काम इथे सुरू होतं. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यांत अलौकिक शक्तींना मज्जाव होता, कारण भुताने खुनी सांगितला की वाचकाची फसवणूक होते. हा नियम पाळूनही तिलिस्म वापरता येतं. या लेखमालेत आपण पाहिलं की दास्तानांमधलं तिलिस्म, म्हणजे जादूने बांधलेलं जग, मनमानी नसतं, त्याची लौह असते, म्हणजे ते तोडण्याची रीत लिहून ठेवलेली असते. तेव्हा जादूने खुनी दाखवायचा नाही, फक्त नोंद राखायची. समजा, कोतवालीने नाकारलेली प्रत्येक फिर्याद गंजगोलाईच्या एकेका रस्त्यात अडकून राहते आणि ज्याने ती नाकारली त्यालाच ऐकू येते. म्हणजे तपासनीस ठरला, तो अमीनच असणार. सप्टेंबरच्या आधी त्याने एका वाड्याची फिर्याद परत पाठवलेली असेल, नंतर शेजारच्या घराची. जखमा अजून ओल्या असताना अद्भुताचा आधार घेणं म्हणजे त्यांचा खेळ करणं, अशी शंका रास्त आहे. खऱ्या घराण्यांची नावं वापरून काल्पनिक गुन्हे चिकटवले तर तसा खेळ नक्की होईल. नावं कल्पित ठेवून नाणी, नाके, तारखा आणि रस्ते मात्र खरे ठेवले, तर जादू फक्त तिथेच शिरेल जिथे कागद मुळात लिहिलाच गेला नाही.

समर्थांचं काम याच्या बरोबर उलट आहे. त्यांच्याकडे लोक विश्वासाने येतात आणि त्यांचं ऐकून घेतलं जातं. ते पुढच्या आठवड्यात.